नोटा कागद झाल्या तर कोल्हापुरात काय चालेल? गुळाचा रवा (तीस किलोची ढेप) की काडेपेटी?

रवा_तीस_किलो (धागाकर्ता)

परवा रात्री जेवताना विषय निघाला आणि हात वाळले तरी संपला नाही. धाकटा चुलतभाऊ सहा महिने झाले मोबाइलवर जगबुडीचे व्हिडिओ बघतोय. रुपया कोसळणार, बँका दारं लावणार, तेव्हा आत्ताच चांदी घेऊन ठेवा, असा त्याचा धोशा. आबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चांदी चावून खाणार हाईस काय? गूळ ठेव."

आमचं गुऱ्हाळ आहे, करवीर तालुक्यात. त्यामुळं आबांचं मत निःपक्षपाती नाही, हे आधीच कबूल. पण नंतर विचार करत बसलो तर पटायला लागलं. शाहूपुरी १८९५ साली वसली तीच मुळात गुळाच्या पेठेसाठी. इथल्या माणसाला गूळ ओळखायला शिकवावं लागत नाही. रंग बघायचा, कडेचा खडा तोडायचा, जिभेवर ठेवायचा, माल कळला. बाळंतिणीला चालतो, उपासाला चालतो, व्यालेल्या म्हशीला चालतो.

तर प्रश्न असा. समजा पैसा बंद पडला, आठ दिवस नव्हे, वर्षभर. आपल्या भागात कुठली वस्तू देवघेवीला चालेल? 'सोनं' एवढंच लिहून पळून जाऊ नका. का ते सांगा.

---

गंगावेस_धारोष्ण

म्हशी घ्या. विषय कट.

---

पाणंद

@गंगावेस_धारोष्ण, दाढी करून घेतली की न्हाव्याला म्हशीतलं सुट्टं कसं देणार?

---

गंगावेस_धारोष्ण

शेण.

---

खानविलकर_पेट्रोलपंपाच्या_मागे

सोनं. (पळालो.)

---

पूररेषा

मी २०१९ सांगते, कारण हा धागा वाचताना तेच डोळ्यांपुढं आलं.

ऑगस्टचा पहिला आठवडा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं होतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, तळमजला पाण्यात, पहिला मजला रिकामा केलेला. महामार्ग शिरोलीला बंद. शहराचं पाणी बंद, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. लाईट नाही म्हणजे एटीएम नाही, फोनपे नाही. पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांना राखून ठेवलेलं. माझ्या पर्समध्ये साडेचार हजार रुपये होते आणि त्यांचं काय करायचं हे मला सुचत नव्हतं.

त्या दिवसांत आमच्या जिन्यात जी देवघेव चालली ती मी अजून विसरले नाही. वरच्या काकूंकडं भरलेली पॉवर बँक होती. माझ्याकडं दूध पावडरीचं न फोडलेलं पाकीट होतं आणि त्यांचा नातू दीड वर्षाचा. बोलणं झालंच नाही, मी पाकीट दिलं, त्यांनी पॉवर बँक दिली. तिसऱ्या दिवशी सॅनिटरी पॅड हे आमच्या इमारतीतलं सगळ्यात मोलाचं नाणं होतं, पुरुष मंडळींनी नोंद घ्यावी. पिण्याचं पाणी चहाच्या कपानं मोजून दिलं जात होतं. आणि काडेपेटी! गॅसचं लायटर ऐनवेळी बिघडलं, घरात एकच पेटी, ती सादळलेली. वीस काड्या ओढल्या, गुल नुसता चिखलासारखा पसरायचा. मी तिथं ओट्यापाशी बसून रडले. गळ्यात दोन तोळ्यांचं मंगळसूत्र होतं.

तेव्हापासून घरात डझनभर काडेपेट्या बरणीत, झाकण मेणानं बंद करून ठेवते. नवरा हसतो. हसू दे.

---

अर्धा_शेर_तांदूळ

+१. आमच्याकडं चिखली भागात मेणबत्तीची हीच गत.

---

नोटबंदीतला_रांगकरी

ताई, अनुभव अंगावर आला. पण एक मुद्दा राहतो. पूर म्हणजे कोसळणं नव्हे. पाणी उतरणार हे प्रत्येकाला माहीत होतं आणि उतरल्यावर तुमचे साडेचार हजार पुन्हा साडेचार हजारच होते. म्हणून माणसं उदार होती. काकूंनी पॉवर बँक दिली ती नातवासाठी, खरं, पण उद्या लाईट येणार या भरवशावरसुद्धा.

पैशावरचाच विश्वास उडतो तेव्हा चित्र वेगळं असतं. त्याची एक झुळूक आपण ८ नोव्हेंबर २०१६ नंतर बघितली. चलनातल्या मूल्याच्या ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद. पुढच्या आठवड्यात जिल्हा बँकांनाही जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली, आणि आपल्या गावाकडचा सगळा पैसा, उसाचं बिल, दुधाचं बिल, त्यांच्याच खात्यांतून फिरणारा. गावात काय झालं आठवा. कोणी गुळावर कापड घेतलं नाही. उधारी चालली. दुकानदारानं वही काढली. ज्याची पत होती त्याला डाळ मिळाली, जो ऊसतोडीला बाहेरून आला होता त्याला मिळाली नाही.

---

लेथवाला_उद्यमनगर

वस्तू वस्तू काय करताय राव. गूळ संपतोय, काडेपेटी संपतीय. हातातलं काम संपत न्हाई. बोअरची मोटर जळली तर तुमी गुळाचा खडा टाकून चालू करणार हाय का? शिवाजी उद्यमनगरात पन्नास वर्सं लेथ चालत्यात. जुन्या ऑइल इंजिनाचा पार्ट कंपनीत मिळंना झाला की मानूस आमच्याकडं येतोय.

माल ठेवायचाच तर ह्यो ठेवा: वाइंडिंगची तांब्याची तार, बेअरिंग, वेल्डिंग रॉड (कोरड्या जागी, न्हाईतर कोटिंग झडतंय), पंपाचं वॉशर, सायकलच्या ट्यूबा आणि सोल्यूशन. वॉशर मुठीत मावतंय आणि त्याच्याबिगर अख्खी मोटर बसून ऱ्हातीया. वीज असंल का न्हाई ते मला इचारू नका. नसली तर हातानं फिरवायचा भाता हाय आमच्या आज्ज्याचा.

---

अर्थात_अर्थशास्त्र

मूळची कोल्हापूरची, आता पुण्यात शिकवते. जगात हे कुठं कुठं घडलं ते थोडं सांगते, कारण इथं अंदाज बरेच झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत १९४५ ते १९४८ सिगारेट हेच चलन होतं. का, ते बघा. एकसारखी असते, मोजता येते, पाकीट फोडून एकेक देता येते, काही महिने टिकते, आणि न ओढणाऱ्यालाही माहीत असतं की ओढणारा कोणीतरी घेईलच. युद्धकैद्यांच्या छावण्यांतही हेच. तिथं आणखी एक गंमत: चांगली सिगारेट लोक ओढायचे आणि भुसकट भरलेली देवघेवीत फिरवायचे. खोटं नाणं खऱ्याला बाजारातून हाकलतं, तेच. जून १९४८ मध्ये नवा मार्क आला आणि दुकानांच्या काचेमागं रातोरात माल दिसायला लागला. म्हणजे माल होताच, दडवलेला होता.

सारायेव्होला १९९२ पासून वेढा पडला तेव्हाही सिगारेटच. आपल्याकडचं समांतर शोधायला लांब जायला नको. निपाणी तासाभरावर आहे. तंबाखू आणि बिडी. मला स्वतःला वास सहन होत नाही, पण तुमच्या धाग्याचं उत्तर गुळापेक्षा बिडीबंडल असण्याची शक्यता जास्त आहे.

झिम्बाब्वेत २००९ च्या जानेवारीत १०० ट्रिलियनची नोट निघाली, एकावर चौदा शून्यं. तिथं लोक वस्तुविनिमयात फार काळ राहिले नाहीत, सरळ अमेरिकी डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड वापरायला लागले. पण सुट्टे सेंट नव्हते, म्हणून दुकानदार सुट्ट्यांऐवजी गोळ्या किंवा मोबाइलचा टॉकटाइम द्यायचे. आपल्याकडं दुकानदार रुपयाऐवजी चॉकलेट देतो तेव्हा चिडू नका, तालीम समजा.

अर्जेंटिनाची गोष्ट सगळ्यात बोलकी. तिथं १९९५ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका उपनगरात विनिमय मंडळ सुरू झालं. माणसं घरचं लोणचं, शिवणकाम, केस कापणं घेऊन यायची आणि 'क्रेडिटो' नावाच्या चिठ्ठ्यांवर देवघेव करायची. डिसेंबर २००१ मध्ये सरकारनं बँकेतून पैसे काढण्यावर बंधन घातलं आणि या मंडळांत लाखो माणसं लोटली. वर्षभरात सगळं बसलं, कारण चिठ्ठ्या भरमसाट छापल्या गेल्या आणि बनावटही निघाल्या. पैशाचा रोग टाळायला काढलेल्या चिठ्ठीला पैशाचाच रोग लागला.

---

पाणंद

चिठ्ठ्या भरमसाट छापल्या... आमच्या मंडळाच्या महाप्रसादाच्या कुपनांचं असंच झालं होतं. पाचशे छापली, जेवायला नऊशे.

---

मेडिकलवाली

औषधं साठवून ठेवणाऱ्यांसाठी एकदाच लिहिते. इन्सुलिन साठवून श्रीमंत व्हाल असं समजू नका, फ्रिज बंद पडला की ते फार दिवस टिकत नाही. अँटिबायोटिक कोणाला काय द्यायचं हे तुम्हाला कळत नाही, तर ती गोळी देवघेवीत आणली की माणूस माराल. कामाचं असेल ते अगदी साधं आहे: ओआरएस, अंगाचा साबण, तुरटी, मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध), कापूस, गॉज. पुरानंतर लोक औषध मागायला कमी आणि पाणी शुद्ध करायचं काय ते विचारायला जास्त येत होते. मेडिक्लोर वर्षानुवर्षं टिकत नाही, तुरटी टिकते. पण तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी उकळा.

उकळायला काडेपेटी लागते. पूररेषाताईंना नमस्कार.

---

जोंधळ्यावर_बोरं

सगळे जर्मनी-झिम्बाब्वेला निघाले, म्हणून मी जरा पेठेत परत आणते. वस्तूवर वस्तू आपल्याकडं बंद कधी पडली? मागच्याच महिन्यात आमच्या दारात भांडीवाली आली होती. पायरीवर बसली, पाटी उतरवली. मी तीन पँटी, दोन शर्ट, एक साडी आणली. तिनं प्रत्येक पँट उजेडाला धरली, ढुंगणावर विरलीय का बघितलं, चेन वरखाली केली, शिवणीत बोट घातलं. साडी सुती म्हणून बाजूला टाकली, "ह्येचं काय येत न्हाई." मी स्टीलचा डबा मागितला, ती चहाची गाळणी दाखवत बसली. पाऊण तास. शेवटी झाकणाचं पातेलं ठरलं, वर माझ्याकडून नवऱ्याचा एक चांगला शर्ट आणि एक कप चहा घेऊन गेली. त्या पाऊण तासात एकदाही 'रुपये' हा शब्द आला नाही.

लहानपणी आजोळी, गडहिंग्लजच्या बाजूला, बोरंवाली यायची. ओंजळभर जोंधळ्यावर ओंजळभर बोरं. ओंजळ तिची की आपली यावर भांडण. आई म्हणायची, जोंधळं मापायला तिची ओंजळ आणि बोरं मापायला आपली असेल तर घ्यायचं नाही. डोक्यावरच्या गळलेल्या केसांवर सुया आणि फुगे मिळायचे. भंगारावर लसूण अजून मिळतो.

म्हणून मला वाटतं, खरी वस्तू म्हणजे माप. शेर, अधोली, पायली जिच्या घरात आहे तिला विचारून बाजार चालेल.

---

मावळतीचं_ऊन

अगदी खरं! आपली जुनी बलुतेदारी हीच तर आदर्श व्यवस्था होती. पैसा नाही, चलनवाढ नाही. सुतारानं नांगर करायचा, लोहारानं फाळ शेवटायचा, खळ्यावर ज्याचं त्याचं बलुतं मिळायचं. सगळं गाव एका कुटुंबासारखं. आपण तिकडंच परत जायला हवं.

---

मोट_आणि_नाडा

@मावळतीचं_ऊन, खळ्यावर तुमचे आजोबा बसत होते की उभे होते, त्यावर हे आठवण्याची चव ठरते.

माझे पणजोबा उभे असायचे. वर्षभर सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, आणि सुगीला खळ्याच्या कडेला उभं राहायचं. किती द्यायचं ते देणारा ठरवणार. कमी वाटलं म्हणून "पुढच्या वर्षी तुमचं काम करत नाही" म्हणायची सोय नव्हती. ज्या व्यवहारात एका बाजूला 'नको' म्हणता येत नाही त्याला वस्तुविनिमय म्हणू नये. भांडीवाली साडी बाजूला टाकू शकते. पणजोबांना पाखडलेल्यातलं शेवटचं, मातीमिश्रित आलं तरी घ्यावं लागायचं.

शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात महार वतनं काढून टाकली. मुंबई राज्यात कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. आमच्या घरात सांगतात की मजुरीची पहिली नाणी पणजोबांनी दोनदा मोजली. कमी आहेत म्हणून नव्हे, मोजता येतात म्हणून.

तेव्हा पैसा बंद पडला तर काय चालेल याआधी मला हे विचारायचंय की कोणाचं चालेल.

---

मावळतीचं_ऊन

माझा तो हेतू नव्हता. दुखावलं असेल तर क्षमस्व.

---

मोट_आणि_नाडा

दुखावलं नाही. खळं आठवताना कडेची माणसंही आठवा, एवढंच.

---

अर्थात_अर्थशास्त्र

मोट_आणि_नाडा, तुमचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवावा असा आहे. याच्या शेजारी पैरा ठेवून बघा: आज तुमच्या शेतात माझी दोन माणसं भांगलायला, परवा माझ्या शेतात तुमची दोन. पैसा नाही, धान्य नाही, माणसाला माणूस. तिथं मात्र दोन्हीकडं नांगर असतो, म्हणून जमतं. ज्याला जमीन नाही तो पैऱ्यात नसतो.

आणि पगार वस्तूंत मिळणं काही जुनं नाही. १९९० च्या दशकात रशियात कारखान्यांकडं रोकड नव्हती तेव्हा कामगारांना तिथंच बनलेला माल पगार म्हणून दिला जायचा आणि ते रस्त्याकडेला तो विकत बसायचे. आपल्याकडं सभासदाला सवलतीची साखर मिळते तेव्हा दिवाळीआधी ती कुठं जाते हे शेतकऱ्यांनी सांगावं, मी नाही बोलत.

---

सौदा_सकाळी_दहाला

धागाकर्त्यांनी रव्याचं एवढं कौतुक केलं, आता आमच्यासारख्या मार्केट यार्डातल्या हमाल-तोलारांनाही बोलू द्या.

गूळ टिकतो, पण पावसाळा आला की पाझरतो. हवेतलं पाणी ओढून घेतो, कडा मऊ पडतात, पोत्याला चिकटतो, मुंग्या आणि माश्या. म्हणून व्यापारी शीतगृहात ठेवतात. तुमच्या कोसळलेल्या जगात शीतगृहाची वीज कोण देणार? जुनी माणसं पसाभर गूळ मडक्यात घालून तोंड बांधायची, चुलीच्या वर, धुराला. तीन-चार मडकी टिकतील, चाळीस रवे नाहीत. त्यात पावडर मारून पिवळा केलेला असला तर अजून लवकर काळा पडणार.

दुसरं, तीस किलोचा रवा ही घाऊक माणसाची वस्तू आहे. गिऱ्हाईक येणार पावशेरासाठी. फोडला की चुरा, चुरा म्हणजे घट. एक किलोच्या भेल्या करा, नाहीतर काकवी काचेच्या बाटल्यांत भरा.

---

रवा_तीस_किलो (धागाकर्ता)

@सौदा, पोटावर पाय दिलात. पण मुद्दा बरोबर आहे. मागच्या श्रावणात माळ्यावरच्या दोन रव्यांखाली ताट ठेवावं लागलं होतं, हे मी वर सोयीस्करपणे लिहिलं नाही.

---

खानविलकर_पेट्रोलपंपाच्या_मागे

परत आलो. सोन्याचं सांगतो, कारण सगळे हसताय. आमचा गुजरीशी, म्हणजे इथल्या सराफ बाजाराशी, तीन पिढ्यांचा संबंध. १९६२ च्या युद्धानंतर सुवर्ण नियंत्रण आलं, १९६८ ला कायदा झाला, तो १९९० ला उठला. एवढी वर्षं सरकारनं जोर लावला, लोकांनी सोनं सोडलं का? पुराच्या सहा दिवसांत मंगळसूत्राचं कोणी विचारलं नाही, मान्य. पण पुरानंतर घर उभं करायला किती बायकांनी तेच गहाण ठेवलं ते विचारा. सोनं संकटात खर्चायचं नसतं. संकटाच्या या काठावरून त्या काठावर जायला असतं. भाकरी विकत घ्यायला अंगठी काढलीत तर अंगठीला एकच भाकरी मिळेल, कारण समोरच्याकडंही सुट्टं नाही.

---

पूररेषा

हे पटलं. मी गहाण ठेवलं होतं. सोडवलं २०२१ च्या जूनमध्ये, आणि जुलैत परत पाणी आलं.

---

नोटबंदीतला_रांगकरी

🙏

---

लेथवाला_उद्यमनगर

मीठ कुणीच न्हाई लिवलं?

---

कुणकेश्वराखालचो

मी लिहितंय. देवगडचो, लेकीक कोल्हापुरात दिलंय म्हणून हय वाचतंय. आता तुमच्या भाषेत लिहितो.

मीठ तुमच्याकडं घाटावर पिकत नाही. माझे आजे सांगत, मीठ, सुकी मासळी, नारळ असं वर जायचं. खाली गूळ, मिरची, जोंधळा यायचा. फोंडाघाट, करूळ, भुईबावडा, आंबा, हे घाट काही फिरायला केलेले नव्हते. बैलाच्या पाठीवर गोणी, लमाणांचे तांडे. मिठाला मुदत नाही, कीड लागत नाही. ओलं झालं तर वाळवा. भाव पडला तरी जेवणात लागणारच. लोणची, सुकी मासळी, कातडं, सगळं त्यावर.

---

रवा_तीस_किलो (धागाकर्ता)

रविवारी मी प्रयोग केला, तो सांगून टाकतो.

दोन कोयत्यांना धार लावायची होती, एकाची मूठ हलत होती. एक किलोची भेली कागदात गुंडाळली आणि गावातल्या लोहारकाम करणाऱ्या काकांकडं गेलो. म्हटलं, पैसे देत नाही, गूळ देतो, चालंल का? त्यांनी कोयता उलटा करून पातं नखावर घासलं. भेलीकडं बघितलंही नाही.

"शुगर हाय मला," म्हणाले. "तीनशेच्या वर गेलीया. गूळ घालून मारतोस काय?"

मी म्हटलं, घरच्यांना होईल. तर म्हणाले, घरात आधीच दोन भेल्या पडल्यात, तुझ्यासारखाच एकजण काल देऊन गेला. मग त्यांनी कोयता चाकावर धरला, ठिणग्या उडाल्या, मूठ ठोकून घट्ट केली आणि खांबाला अडकवलेल्या क्यूआर कोडकडं बोट दाखवलं. ऐंशी रुपये.

आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "मग तमाखू न्यायची."

---

अर्थात_अर्थशास्त्र

😂 आबांना माझा नमस्कार सांगा.

---

कुणकेश्वराखालचो

भेली वाया घालवू नका. माझ्याकडं घरचे सुके बांगडे आहेत, यंदाच्या वाळवणाचे, वाळू नाही. आणि थोडे सोडे. मला गणपतीत मोदकांना गूळ लागतो, पावडर न मारलेला. पुढच्या शनिवारी लेकीकडं येतोय.

---

रवा_तीस_किलो (धागाकर्ता)

भले! दहा किलो देतो, एकेक किलोच्या भेल्या. बांगडे किती?

---

कुणकेश्वराखालचो

दहा किलोला पन्नास बांगडे.

---

रवा_तीस_किलो (धागाकर्ता)

पन्नास? सोडे पण घाला की पावशेर.

---

कुणकेश्वराखालचो

सोड्यांचो भाव म्हायती हा काय तुमका?

---

जोंधळ्यावर_बोरं

बांगडे कोणाच्या ओंजळीनं मोजणार ते आधी ठरवा.

---

रवा_तीस_किलो (धागाकर्ता)

थांबा. आज यार्डात गुळाचा दर काय निघाला आणि लक्ष्मीपुरीत सोडे काय किलो आहेत ते विचारून येतो. मग हिशोब घालू.

---

पाणंद

म्हणजे शेवटी रुपयातच.

---

रवा_तीस_किलो (धागाकर्ता)

विचारलं. साठ बांगडे, सोडे राहू देत. शनिवारी सीबीएस स्टँडला पिशवी घेऊन येतो. आबा म्हणतात बांगडा वाकवून बघ, मोडला तर घे.